संशयाचा आधार आधी कोणी दाखवायचा?

घुसखोरांच्या प्रश्नावर सध्या जो वाद चालतो त्यात दोनच बाजू ठळकपणे ऐकू येतात. एक म्हणते, खरे भारतीय असाल तर कागद दाखवा आणि मोकळे व्हा, घाबरायचे कारण काय? दुसरी म्हणते, स्वतःच्या देशात कागद मागणे हाच मुळी अपमान आहे. दोन्ही बाजूंनी मूळ प्रश्न सोडून दिला आहे. आपल्या हद्दीत कोण राहते हे तपासण्याचा अधिकार प्रत्येक राज्यसंस्थेला असतो. ओळखपत्र तर आपण बँकेत, रेल्वेत, परीक्षेच्या हॉलमध्ये रोज दाखवतो, त्यात कोणाचा अपमान होत नाही. प्रश्न असा आहे की रांगेतल्या शंभर माणसांपैकी बाजूला काढून कागद मागितला जातो तो नेमका कोणाकडे, आणि कशावरून? चेहऱ्यावरून, बोलीवरून की नावावरून? या लेखातले म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. एखाद्याला परदेशी ठरवण्याची प्रक्रिया सुरू करण्याआधी, रूप, भाषा आणि नाव यांपलीकडचा ठोस आधार यंत्रणेने लेखी दाखवला पाहिजे. तो आधार नसेल, तर त्या माणसाच्या खिशात कोणते कागद आहेत या प्रश्नापर्यंत जाण्याचे कारणच उरत नाही.

'कागद दाखवा' म्हणणाऱ्यांनी आधी एवढे सांगावे की कोणता कागद? आधार कार्ड नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिले आहे. आधार हे रहिवाशाला मिळते, आणि वर्षभरात १८२ दिवस भारतात राहिलेला परदेशी नागरिकही रहिवासी ठरतो. पॅन कार्ड करासाठी, रेशन कार्ड धान्यासाठी. मतदार यादीत नाव फक्त नागरिकाचेच येऊ शकते, पण मतदार ओळखपत्र हा निर्णायक पुरावा मानायला न्यायालये तयार नाहीत. पासपोर्ट त्यातल्या त्यात भक्कम, पण देशातल्या बहुसंख्य लोकांनी तो कधी काढलेलाच नाही. राहतो जन्माचा दाखला, आणि तोही पुरेसा आहे की नाही हे जन्मतारखेवर अवलंबून असते. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस, काही मोजके अपवाद सोडले तर, जन्माने नागरिक आहे. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्याला आईवडिलांपैकी एक जण नागरिक होता हेही दाखवावे लागते. ३ डिसेंबर २००४ पासून पुढे जन्मलेल्याच्या बाबतीत एक पालक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला, अशी दुहेरी अट आहे. म्हणजे वीस वर्षांच्या मुलाला स्वतःचे नागरिकत्व सिद्ध करायचे तर स्वतःचा जन्म आणि आईवडील दोघांचाही दर्जा सिद्ध करावा लागतो. त्याचे आईवडील १९८० च्या आसपास जन्मले असतील, तर त्यांच्या जन्माची नोंद कुठे शोधायची? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्येसुद्धा पाच वर्षांखालच्या मुलांपैकी फक्त ४१ टक्क्यांच्या जन्माची नोंद झालेली होती. त्याआधीच्या पिढीची कल्पनाच केलेली बरी. थोडक्यात, 'हा घ्या कागद' म्हणून पुढे करता येईल असा नागरिकत्वाचा एकच कागद जन्माने नागरिक असलेल्या सामान्य भारतीयाला राज्यसंस्थेने कधी दिलेलाच नाही. जो दिला नाही तो काही ठरावीक लोकांकडेच मागायचा, हा कुठला न्याय?

आता समोरच्या बाजूचे म्हणणे त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो, कारण ते हलके नाही. बांगलादेशाशी आपली सीमा ४,०९६ किलोमीटरची आहे. तिचा मोठा भाग नद्या, चर (नदीतली वाळूची बेटे) आणि भातखाचरांतून जातो. तिथून माणसे बेकायदा येतात, दलालांमार्फत बनावट कागद मिळवतात, हे खरे आहे. आसामात १९७९ ते १९८५ ही सहा वर्षे याच प्रश्नावर आंदोलन पेटले होते आणि १५ ऑगस्ट १९८५ च्या करारात २५ मार्च १९७१ ही सीमारेषा ठरली, म्हणजे त्या तारखेपासून पुढे आलेला माणूस परदेशी मानायचा. हा असंतोष कोणाच्या तरी डोक्यातून निघालेली कल्पना नव्हती. दुसरा मुद्दा कायद्याचा. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याच्या कलम ९ प्रमाणे आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवरच होती, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानेही ती तिथेच ठेवली आहे. त्यामागचा तर्क असा की आपण कुठे जन्मलो, आईवडील कोण, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. पोलीस ते कुठून शोधणार? तिसरा मुद्दा सर्वांत अडचणीचा. आसामसाठी १९८३ मध्ये केलेल्या आयएमडीटी, म्हणजे बेकायदा स्थलांतरित (न्यायाधिकरणाद्वारे निश्चिती) कायद्यात हा भार उलटा, म्हणजे तक्रारदारावर आणि सरकारवर टाकला होता. त्या कायद्याखाली वीस वर्षांत इतकी कमी माणसे परदेशी ठरली की २००५ मध्ये आसामचे नेते सर्बानंद सोनोवाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य म्हणून रद्द केला. मग पुन्हा तोच मार्ग सुचवायचा का?

नाही. सिद्ध करण्याचा भार आणि संशयाचा आधार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चर्चेत त्यांची सतत सरमिसळ होते. भार व्यक्तीवर असला तरी तो कधी तिच्यावर येतो? कोणीतरी उठून 'हा परदेशी आहे' म्हटले की लगेच? ११ जुलै २०२४ रोजी मोहम्मद रहीम अली विरुद्ध आसाम सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचे स्पष्ट उत्तर दिले. माणूस बांगलादेशातून आल्याचा आरोप पोलिसांनी केला होता, पण तो कशावरून, हे नोंदीत कुठेच नव्हते. न्यायालयाने म्हटले की परदेशी नागरिक कायद्याच्या कलम ९ चा अर्थ कोणाचेही दार वाजवून 'तू परदेशी आहेस असा आम्हाला संशय आहे, आता सिद्ध कर' असे सांगण्याचा परवाना नव्हे. आधी यंत्रणेकडे काही साहित्य हवे, आणि ते त्या माणसाला दाखवले पाहिजे. नकार कशाचा द्यायचा हेच माहीत नसेल तर माणूस स्वतःचा बचाव कसा करणार? त्याच निकालाने हेही सांगितले की नावाच्या स्पेलिंगमधले आणि जन्मतारखांमधले किरकोळ फरक एवढ्यावरून कोणाला परदेशी ठरवता येत नाही. म्हणजे सोनोवाल निकालाला धक्का न लावता मधला मार्ग न्यायालयाने आखून दिला आहे. चर्चा करणाऱ्यांनी त्याची दखल घेतलेली नाही, एवढेच.

असा आधार पोलिसांना मिळूच शकत नाही, असेही कोणी म्हणू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्यातल्या एका आरोपीला जामीन नाकारला. आधार, पॅन आणि मतदार ओळखपत्र यांनी कोणी नागरिक ठरत नाही, हे त्या निकालातले वाक्य सगळीकडे गाजले. त्या प्रकरणातला दुसरा तपशील मात्र फारसा कोणी सांगितला नाही. आरोपीच्या मोबाइलमध्ये त्याच्या आणि त्याच्या आईच्या बांगलादेशी जन्मदाखल्यांच्या प्रती सापडल्याचे पोलिसांचे म्हणणे होते. याला आधार म्हणतात. दुसऱ्या देशाने दिलेला कागद, तिथल्या नंबरांवर सतत होणारे फोन, तिकडे पाठवलेल्या पैशांची नोंद, सीमा ओलांडून देणाऱ्या दलालाचा जबाब, एकाच पत्त्यावर निघालेली बनावट कार्डे. तपास म्हणजे हे शोधणे. बोलीवरून माणसे उचलणे हे त्याहून सोपे काम आहे, म्हणून ते केले जाते. त्यात खरा घुसखोर निसटतो, कारण सराईत दलालाने पाठवलेल्या माणसाकडे कागदांचा पूर्ण संच असतो. अडकतो तो ज्याच्याकडे अर्धेच कागद आहेत असा इथलाच गरीब माणूस.

बोलीचा मुद्दा नीट पाहू, कारण महाराष्ट्रात तो सर्वांत जास्त चालतो. बांधकामावर, भंगारात, जरीकामात, सोन्याच्या कारखान्यांत काम करणारा मजूर बंगाली बोलतो, नाव मुसलमानी आहे, एवढ्यावर संशय उभा राहतो. पण मुर्शिदाबाद, मालदा, नदिया, कूचबिहार हे भारताचे जिल्हे आहेत. पद्मा नदीच्या अलीकडे मुर्शिदाबाद आणि पलीकडे राजशाही. १९४७ मध्ये रेषा आखली गेली तेव्हा माणसांची जीभ काही दुभंगली नाही. दोन्ही काठांवरची बोली एकमेकींच्या इतकी जवळची आहे की अनोळखी कानाला ती वेगळी काढता येणार नाही. बेळगाव, निपाणीची मराठी आणि चंदगड, कागलची मराठी ऐकून कोण कुठल्या राज्यातला हे ठरवता येईल का? ऑगस्ट २०२५ मध्ये उजेडात आलेल्या दिल्ली पोलिसांच्या एका पत्रात तर 'बांगलादेशी भाषा' असाच उल्लेख आला. जी भाषा आपल्या घटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे, जी पश्चिम बंगाल, त्रिपुरा आणि आसामच्या बराक खोऱ्यात कोट्यवधी भारतीय बोलतात, ती परदेशी ठरली की ती बोलणारा प्रत्येक जण आपोआप संशयित होतो.

याचे परिणाम काल्पनिक नाहीत. मे २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना संशयितांच्या पडताळणीसाठी तीस दिवसांची मुदत दिली. मूळ राज्याने तेवढ्यात उत्तर द्यायचे, नाही तर हद्दपारी. त्याच जूनमध्ये मुंबई-ठाणे परिसरात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही माणसांना ताब्यात घेऊन सीमेवर नेले गेले आणि बांगलादेशात ढकलले गेले. नंतर बंगाल सरकारने हालचाल केली, सीमा सुरक्षा दल आणि पलीकडचे दल यांची ध्वज बैठक झाली आणि ती माणसे परत आणावी लागली. दिल्लीतून अशाच प्रकारे पाठवलेली बीरभूमची एक गरोदर स्त्री परत यायला डिसेंबर उजाडला, तेही सप्टेंबरमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाचा आदेश झाल्यावर आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. रीतसर हद्दपारीचा मार्ग वेगळा असतो. संशयिताचा तपशील परराष्ट्र मंत्रालयामार्फत समोरच्या देशाकडे जातो, तो देश 'हा आमचा नागरिक आहे' असे कळवतो, प्रवासाचा कागद देतो आणि मग माणूस जातो. ही पायरी वेळखाऊ आहे, पण चुकीचा माणूस गाळला जातो तो याच पायरीवर. ती ओलांडली की ज्याला तो देश आपला म्हणत नाही आणि आपणही आपला म्हणायला तयार नाही, असा माणूस दोन कुंपणांच्या मध्ये उभा राहतो.

त्यातही एक गट असा आहे की ज्याची कहाणी महाराष्ट्रात जवळजवळ कोणालाच ठाऊक नाही. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारत आणि बांगलादेश यांनी एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या वस्त्यांची अदलाबदल केली. त्यांना तिथे छिटमहल म्हणतात. भारताच्या पोटात असलेल्या ५१ बांगलादेशी वस्त्या भारताच्या झाल्या आणि तिथले सुमारे चौदा हजार लोक त्या रात्री कायदेशीर भारतीय नागरिक झाले. या माणसांच्या जन्माचा दाखला भारताचा कसा असेल? १९९० च्या मतदार यादीत आजोबांचे नाव कसे सापडेल? त्यांच्यातले तरुण आज पोटासाठी मोठ्या शहरांत मजुरीला जातात. शहरातल्या ठाण्यात बसलेल्या अधिकाऱ्याला हा इतिहास ठाऊक नसला, तर हा माणूस खरे तेच सांगून अडकेल.

ज्यांना अजूनही वाटते की खरा माणूस कसाही कागद उभा करतोच, त्यांनी आपल्याच राज्यातल्या जात पडताळणीची आठवण ठेवावी. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, भटक्या विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा पुरावा शोधताना घरोघर काय होते हे मराठी वाचकाला सांगायला नको. आजोबांच्या शाळेचे जनरल रजिस्टर वाळवीने खाल्लेले. कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, 'मुलगा झाला' एवढेच, नाव नाही. एका दाखल्यात आडनाव एक, दुसऱ्यात दुसरे, तिसऱ्यात वडिलांचे नाव घरचे आणि खरे नाव वेगळे. नोंद मोडीत, आणि ती वाचणारा माणूस तालुक्यात नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हा सरकारने महसूल, शिक्षण, पोलीस, तुरुंग अशा सगळ्या खात्यांची दप्तरे उघडली, मोडी आणि उर्दू वाचणारे बसवले, जिल्ह्याजिल्ह्यांत कक्ष स्थापन केले. अख्खी सरकारी यंत्रणा कामाला लावून ज्या नोंदी मिळायला महिनेच्या महिने लागतात, तशाच नोंदी परमुलखात पकडलेल्या गवंड्याने चोवीस तासांत ठाण्यात आणून द्याव्यात, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? आणि त्या पुराव्यात खोट निघाली तर जात पडताळणीत माणसाचा प्रवेश किंवा नोकरी जाते. इथे देश जातो.

स्त्रियांच्या बाबतीत तर ही गाठ सुटता सुटत नाही. आसामच्या नागरिक नोंदणीत हे सर्वांत ठळकपणे दिसले. ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९,०६,६५७ जण वगळले गेले. तिथे प्रत्येकाला १९७१ च्या आधीचा पूर्वज दाखवायचा होता आणि त्या पूर्वजाशी आपले नाते जोडणारा कागद द्यायचा होता. मुलगा असेल तर वडिलांच्या घरच्या मतदार यादीत अठराव्या वर्षी नाव येते आणि नाते आपोआप जुळते. मुलगी शाळेत गेली नाही, जन्म घरीच झाला, लग्न अठराच्या आत झाले. तिचे नाव पहिल्यांदा मतदार यादीत येते तेच सासरच्या गावात, नवऱ्याचे नाव लावून. 'अमक्याची मुलगी' असे सांगणारा एकही सरकारी कागद तिच्यापाशी नसतो. त्यासाठी ग्रामपंचायत सचिवाचा दाखला चालवून घ्यायचा की नाही, यावर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि न्यायालयाने पडताळणी करून तो ग्राह्य धरावा असे सांगितले. आपल्याकडे तर लग्नात मुलीचे आडनावच काय, नावही बदलायची रीत होती. साठीच्या पुढच्या किती मराठी स्त्रिया माहेरचे नाव आणि आजचे नाव एकाच व्यक्तीचे आहे हे राजपत्र किंवा विवाहनोंदणीवरून सिद्ध करू शकतील? त्यांना कोणी विचारत नाही, कारण त्यांचा चेहरा आणि त्यांची भाषा इथे परकी वाटत नाही. सुटका झाली ती एवढ्यामुळेच, कागद पक्के होते म्हणून नव्हे.

चेहऱ्याचा विषय इथेच येतो. ईशान्येतल्या माणसाला 'चायनीज' म्हणणे हे निव्वळ अज्ञान आहे, त्याचा नागरिकत्वाशी काय संबंध, असे बरेच सज्जन लोक म्हणतात. संबंध आहे, आणि तो रोजच्या व्यवहारात दिसतो. हॉटेलात परदेशी पाहुणा उतरला की मालकाला ठरावीक फॉर्म भरून चोवीस तासांत सरकारला कळवावे लागते. म्हणून काउंटरवरचा माणूस कोहिमाच्या किंवा इटानगरच्या पाहुण्याचा चेहरा पाहून पासपोर्ट आणि व्हिसा मागतो. अजिंठा-वेरूळच्या तिकीट खिडकीवर भारतीयाला ४० रुपये आणि परदेशी पर्यटकाला ६०० रुपये पडतात. तिथे पुढच्या मराठी कुटुंबाला कोणी ओळखपत्र विचारत नाही आणि मागच्या मणिपुरी मुलांना विचारले जाते. दार्जिलिंगच्या गुरख्याची भाषा १९९२ पासून आठव्या अनुसूचीत आहे, तरी सोसायटीच्या लेखी तो नेपाळचाच. कारवारपलीकडच्या जंगलपट्ट्यात कोकणी बोलणारे सिद्दी कित्येक पिढ्यांचे इथले, जंजिऱ्यावर तर सिद्दींचे राज्य १९४८ पर्यंत होते, तरी शहरात आलेल्या सिद्दी मुलाला 'आफ्रिकेतून कधी आलास?' हाच प्रश्न विचारला जातो. अज्ञान असेल, पण ते एकाच दिशेने वाहते आणि त्याची किंमत दुसरा मोजतो. ऑगस्ट २०१२ मध्ये बंगळूर आणि पुण्यातून ईशान्येचे हजारो विद्यार्थी आणि कामगार अफवांच्या भीतीने रेल्वे भरभरून गावी पळाले. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याला केसांवरून चिडवले गेले, मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतरच्या बेझबरुआ समितीने वांशिक अपमानासाठी दंडविधानात स्वतंत्र कलमे घालायची शिफारस केली. नवी न्यायसंहिता आली, तिच्यात वंश, जन्मस्थान, भाषा यांवरून जमावाने केलेल्या खुनाचे कलम आले, पण रोजच्या वांशिक अपमानाचे स्वतंत्र कलम काही आले नाही. २०२० च्या मार्चमध्ये करोना आला तेव्हा 'करोना' म्हणून हाक मारली गेली ती याच मुलामुलींना.

यावर एक खोचक उत्तर मिळते, आणि ते टाळून चालणार नाही. ईशान्येतही आम्हाला परकेच मानतात, अरुणाचल, नागालँड, मिझोराममध्ये जायला इनर लाइन परमिट लागते, मग आमच्याकडूनच अपेक्षा का? शिलाँगमध्ये १९७९ साली आणि पुढेही बंगाली आणि नेपाळी कुटुंबांना जे भोगावे लागले ते भयंकर होते, आणि ते आजच्या अन्यायाइतकेच निषेधार्ह आहे. पण परमिटची तुलना इथे बसत नाही. १८७३ च्या नियमावलीतून आलेले ते परमिट राज्याबाहेरच्या प्रत्येक भारतीयाला सारखेच लागते, मग तो पुण्याचा असो की पाटण्याचा, गोरा असो की सावळा. ते देताना अर्जदार भारतीय नागरिक आहे हे गृहीतच धरलेले असते. चेहरा पाहून कोणाला सूट आणि कोणाला झडती, असे त्यात नाही. सगळ्यांना सारखा लागू असलेला नियम आणि चेहरा पाहून लावलेला नियम, यातला फरक कळायला कायद्याची पदवी लागत नाही.

हा फरक पुसला गेला की काय होते, हे आपल्याच देशाने १९६२ मध्ये पाहिले आहे. चीनशी युद्ध झाले आणि आसाम, शिलाँग, दार्जिलिंग भागातल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले. त्यासाठी कायदा बदलला गेला. आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कोणी शत्रुराष्ट्राचे नागरिक असले तरी माणसाला परदेशी म्हणून वागवता येईल, अशी तरतूद झाली. त्यात चहामळ्यांवर आलेल्या कामगारांची नातवंडे होती, सुतार, चांभार, लाँड्रीवाले होते, इथेच जन्मलेली मुले होती. काही जण वर्षानुवर्षे तिथे राहिले. बाहेर आले तेव्हा घरे आणि दुकाने लिलावात गेली होती. यातल्या किती जणांवर हेरगिरी सिद्ध झाली, याचा हिशेब कोणी मागितला? अमेरिकेने १९४२ मध्ये सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना असेच छावण्यांत कोंडले होते. त्यातले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. पण १९८८ मध्ये त्यांच्या संसदेने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. देवळीच्या माणसांच्या वाट्याला तेवढेही आलेले नाही.

युद्ध नसतानाही हे घडते. ब्रिटनमध्ये १९७३ च्या आधी कॅरिबियन बेटांवरून कायदेशीरपणे आलेले लोक चाळीस-पन्नास वर्षे कर भरत राहिले. २०१४ आणि २०१६ च्या कायद्यांनी घरमालक, नोकरी देणारे आणि बँका यांनाच तपासनीस बनवले. गृहखाते वास्तव्याच्या प्रत्येक वर्षाचा कागद मागू लागले, आणि ज्या बोटीच्या नोंदपत्रांवरून आगमनाची तारीख कळली असती ती त्याच खात्याने २०१० मध्ये नष्ट केली होती. माणसांच्या नोकऱ्या, घरे आणि दवाखान्यातले उपचार गेले. ऐंशीहून अधिक लोक चुकीने देशाबाहेर काढले गेल्याचे सरकारला २०१८ मध्ये मान्य करावे लागले. आपल्याकडे घरमालकाला भाडेकरूची पोलीस पडताळणी करावी लागते. ती सगळ्या भाडेकरूंची सारख्या काटेकोरपणे होते, की ठरावीक आडनावांची आणि ठरावीक चेहऱ्यांची? जिथे तपासाचे काम खासगी माणसाच्या हाती जाते तिथे तो धोका टाळण्यासाठी सरळ घरच नाकारतो. त्याला कायद्याचा तपशील ठाऊक नसतो, दंडाची भीती मात्र ठाऊक असते.

मग करायचे काय? ताब्यात घेण्याआधी संशयाचे कारण डायरीत लिहिले जावे, आणि भाषा, नाव, रूप हे कारण म्हणून चालणार नाही असा स्पष्ट आदेश असावा. परदेशी असल्याचा संशय असला तरी माणसाला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे. राज्यघटनेचे कलम २२ त्यातून फक्त शत्रुराष्ट्राच्या नागरिकाला आणि स्थानबद्धतेच्या कायद्याखाली पकडलेल्याला वगळते, आणि बांगलादेश आपले शत्रुराष्ट्र नाही. पडताळणी मूळ गावच्या पोलीस ठाण्यातून आणि गटविकास अधिकाऱ्याकडून व्हावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर त्याचा दोष दोन सरकारांमधल्या पत्रव्यवहाराचा आहे, मजुराचा नाही. तेव्हा मुदत संपली म्हणून हद्दपारी हा नियम रद्द व्हावा. कागद पाहायचे ते एकेक सुटा नाकारत नव्हे, तर एकत्र: जुन्या मतदार याद्या, जमिनीचा खतियान (आपल्या सातबारासारखा उतारा), शाळेचा दाखला, भावंडांची कागदपत्रे. आसामात तीस वर्षे लष्करात काढलेला एक निवृत्त अधिकारी २०१९ मध्ये परदेशी ठरून छावणीत गेला. चौकशी अहवालात त्याचा व्यवसाय 'मजूर' लिहिला होता. तो अहवाल आणि लष्कराची सेवापुस्तिका कोणी एकदा शेजारी ठेवून पाहिली असती तर ते प्रकरण तिथेच संपले असते.

विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. उत्पन्नाची अट नाही, आणि नागरिकत्वाचीही नाही. पण पकडलेल्या मजुराला तो सांगणार कोण? जिल्हा प्राधिकरणाच्या यादीवर बंगाली, नेपाळी आणि असमिया जाणणारा निदान एकेक दुभाषी असावा आणि त्याचा फोन नंबर प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी फलकावर असावा. मुंबई, ठाणे, पुणे आणि नाशिक या चार जिल्ह्यांत याची सुरुवात येत्या आर्थिक वर्षात करायला नवा कायदा लागत नाही, प्राधिकरणाचा एक ठराव पुरतो.